फोन जोडायचं भाडं

माझा भाचा गुत्तेदार आहे, रस्त्यांची-नाल्यांची कंत्राटं घेतो. गुत्तेदाराची गाडी मोठी असावी लागते, नाहीतर म्हणे साहेब लोक बसा म्हणत नाहीत. म्हणून त्यानं मागच्या वर्षी दसऱ्याला पुण्याहून अशी एक परदेशी गाडी आणली की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत, माझ्या माहेरच्या गल्लीत वळताना तिनं शेजाऱ्यांच्या पायरीची फरशीच उखडली. फरशी त्यानं नवी बसवून दिली आणि तेही चारचौघांना सांगून.

मी एसटीत कंडक्टर होते. धाराशिव डेपोतून रिटायर झाले. निम्मं आयुष्य उभ्यानं गेलं, त्यामुळे नुसत्या बसायच्या जागेवर कुणी एवढा पैसा घालतं याचं मला हसू येतं. या गाडीची सीट गरम होते. आमच्याकडे एप्रिलात दगडसुद्धा गरम होतात, फुकट. छताला काच आहे, ती सरकते, आणि सरकली की भाच्यानंच केलेल्या रस्त्याची धूळ आत येते. त्यानं मला एकेक गोष्ट कौतुकानं दाखवली आणि मी एकेकीला नाक मुरडलं. आत्याला तेवढा हक्क असतो.

त्या गाडीत एकच गोष्ट कामाची निघाली, आणि ती दाखवायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

माझे थोरले भाऊ, म्हणजे या गुत्तेदाराचे वडील, जन्मभर पिठाची गिरणी चालवत होते. त्या घरघरीत दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आहे, पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं, आणि फोन स्पीकरवर टाकला तर नुसती खरखर ऐकू येते. त्यांची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकवते. तिचा रोज फोन यायचा. दादा रोज 'हां बाळ, बरंय, जेवलीस का' एवढं म्हणून फोन सुनेच्या हातात द्यायचे. ती काय बोलली ते त्यांना कळत नसे आणि कळलं नाही हे ते तिला कळू देत नसत. वहिनी होत्या तोवर मध्ये बसून लेकीचं सगळं त्यांना ओरडून सांगायच्या. वहिनी गेल्या आणि ते काम कुणी अंगावर घेतलं नाही. मीही नाही, मी धाराशिवात राहते.

गाडी आली त्या दिवशी आधी तुळजापूरला नेली. चाकाखाली लिंबं झाली, हार झाला, नारळ झाला. परत येताना दादा पुढे बसले होते, मी आणि सून मागे. भाच्याचा फोन गाडीला जोडलेला होता. तेवढ्यात नागपूरचा फोन आला आणि भाचीचा आवाज गाडीत चारी बाजूंनी घुमला. गाडी कशी आहे रे, आबा बसलेत का, असं ती भावाला विचारत होती. भाचा तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "बसलोय की. पुढंच बसलोय."

 ती पलीकडून अगदी हळू म्हणाली, "आबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं की. तुला खोकला झालाय का गं?"

खोकला झालेला होता. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नव्हता. मी मागे बसून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून गाडी घरी असली की दादा संध्याकाळी हातपाय धुऊन, टोपी घालून तिच्यात जाऊन बसायचे. त्यांचाच फोन सुनेनं गाडीला जोडून दिला होता. काचा वर, दार बंद, आणि बापलेकीच्या गप्पा. म्हाताऱ्यानं एसटीडी बूथ उघडलंय, असं गल्लीतले लोक म्हणायचे. जिल्ह्यातलं सगळ्यात महाग बूथ, असं मीही म्हणायचे. पण मध्यंतरी भाची बरीच आजारी होती हे त्यांना त्या गाडीतच नीट कळलं. आम्ही तेव्हा सांगितलं होतं, पण ओरडून जेवढं सांगता येतं तेवढंच सांगितलं होतं. पोरीला किती भीती वाटली होती हे कुणी ओरडून सांगत नाही.

यंदा भाऊबीजेला मी वाशीला गेले. भाचीला परीक्षेचं काम होतं, ती येणार नव्हती. संध्याकाळ झाली, गाडी दारात उभी, आणि दादा मात्र ओसरीत भिंतीला टेकून बसलेले. मी गाडीकडे हात केला. ते म्हणाले, "बिघडलंय ते. पार्ट यायचाय म्हन्ला." गिरणीवाल्या माणसाला पार्टची वाट बघणं नवीन नाही. दसऱ्यापासून ते रोज मुलाला विचारत होते, पार्ट आला का. आणि रोजचा फोन पुन्हा 'हां बाळ, बरंय' वर आला होता.

मी भाच्याला गाठलं. कसला पार्ट, म्हणून विचारलं. तो आवाज खाली आणून म्हणाला की बिघडलेलं काही नाही. फोन जोडायची सोय पहिल्या वर्षापुरतीच होती. आता दरवर्षी वेगळे पैसे भरले तरच ती चालू राहणार, नाहीतर कंपनी तिकडे बसल्या बसल्या कुलूप लावते.

मला आधी खरंच वाटेना. मी त्याला शोरूमला फोन लावायला लावला आणि फोन स्वतः घेतला. पलीकडचा मुलगा तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखा बोलत होता. गाडी तुमचीच आहे मॅडम, फक्त सुविधा वार्षिक आहे, म्हणाला.

मी म्हटलं, "स्पीकर गाडीतलाच ना? मग तो आम्ही घेतलाय. फोन आमचा, पोरगी आमची, कान आमच्या दादांचे. मध्ये तुमचं काय आहे?"

तो म्हणाला, "जोडणी, मॅडम."

इतकी वर्षं मी तिकिटं फाडली. येडशीला बस थांबवून मी म्हटलं असतं की आता खिडकीतून बाहेर बघायचे वेगळे काढा, तर प्रवाशांनी मला बॅगेसकट खाली उतरवलं असतं आणि बरोबरच केलं असतं. एसटीतला माणूस सुट्ट्या रुपयासाठी भांडतो. ही लूट खपते ती मोठ्या गाडीवाल्यांतच, कारण आपण फसलो हे शेजाऱ्याला कळू नये यापलीकडे त्यांना काही नको असतं. कंपनीनं माणूस बरोबर ओळखलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकून ठेवायचं भाडं दरवर्षी.

मग मी भाच्याला म्हटलं, लुटू देत मेल्यांना, तू भरून टाक. तर तो म्हणाला, "प्रश्न पैशाचा न्हाय आत्या, तत्त्वाचा हाय." नाल्या बांधणाऱ्याच्या तोंडून तत्त्व हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. गाडीच्या नंबरात चारी आकडे सारखे हवेत म्हणून यानं जादा पैसे मोजले, तेव्हा हे तत्त्व कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. म्हटलं, मग मी भरते. तर तेही चालेना. आत्याच्या पेन्शनवर गुत्तेदाराची गाडी चालते असं उद्या लोक म्हणतील. म्हणजे भरण्यात इज्जत जाते आणि दुसऱ्यानं भरण्यातही जाते. बापानं ओसरीत बसून पार्टची वाट बघण्यात मात्र काही जात नाही. वर मला म्हणाला, आबाला सांगू नका, उगं जिवाला लावून घेतील.

आता, दादांना गुपचूप काही सांगता येत नाही. त्यांना सांगायचं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणं आलंच. आतल्या खोलीत दार लावून सांगितलं असतं तर निदान थोडं झाकलं गेलं असतं. मी दादांचा हात धरून त्यांना बाहेर फाटकाशी नेलं. समोरच्या बायका पणत्यांत तेल घालत होत्या. त्यांच्या देखत, डेपोत ओरडायचे त्या आवाजात मी ओरडले, "दादा, ते बिघडलं न्हाय. कंपनीनं बंद केलंय. पैसे भरले की चालू हुतंय."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा ओरडले. पणत्यांत तेल घालणारे हात थांबले.

दादा गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्याला म्हाईत हुतं?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा हे कळत नाही. तो प्रश्न गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मी एवढं ओरडून आले होते, पण यावर मला फक्त होय म्हणून मान हलवता आली. दादा फाटकाची कडी नीट लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाच्यानं पैसे भरले. ओसरीत उभं राहून, मोबाइलवर बोट फिरवून. एवढंच काम होतं ते. समोरच्यांना त्यानं सांगितलं की पार्ट आला, आणि समोरच्यांनी मान डोलावली. बापाच्या कानासाठी त्याच्या खिशात हात गेला नव्हता, चार बायकांनी ऐकलं म्हणून गेला. माझ्या भावाचा मुलगा आहे तो, लहानपणी मी अंगाखांद्यावर खेळवलेला, तरी मला त्या क्षणी त्याची किळस आली. ती अजून पुरती गेलेली नाही.

संध्याकाळी त्यानं स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. दादा पुढे बसले, मी मागे बसले. भाचा बाहेर, बॉनेटपाशी उभा राहिला, आतलं ऐकू येत नसताना उगीच हसत. नागपूरचा फोन लागला. भाची पहिलंच वाक्य बोलली, "आबा, इतके दिवस गाडीतून का बोलला नाहीत? माझं काही चुकलं का?"

दादा समोरच्या काचेतून मुलाकडे बघत होते.

"तुझं काय चुकतंय बाळ," ते म्हणाले. "तुझ्या भावाला लई कामं हुती गं. दिसभर बिचारा बाहिर. गाडी घरी कुठं असायची."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्या गाडीत मी कुजबुजले असते तरी ते नागपूरला ऐकू गेलं असतं, म्हणून मी गप्प बसले.