चौथी पट्टी

आबा आपलं मत नेहमी सगळ्यांच्या शेवटी सांगायचे. ही सवय इतकी मुरलेली होती, की चिकलठाण्याला विमानतळाबाहेरच्या टपरीवर उभे राहिलो तरी काय घेणार ते आधी मेकॅनिकला विचारायचे, मग मला, आणि मग टपरीवाल्याला म्हणायचे, "मला पण तेच." एका छोट्या कंपनीचं दोन इंजिनांचं विमान आम्ही चालवायचो. ते कॅप्टन, मी सहवैमानिक. कधी कारखानदार, कधी पुढारी, कधी तातडीने हलवायचा एखादा रुग्ण, असे आमचे प्रवासी. आबा मूळचे करमाडचे, वडील मेंढ्या राखायचे. मालकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत, कॅप्टन कुणीच म्हणत नसे.

विमानातही तेच. समोर मोठा ढग आला की विचारायचे, "बोल पोरी, डावीकडनं का उजवीकडनं?" आणि मी बोलेपर्यंत गप्प. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुम्हाला माहीत असतं, मग मला कशाला विचारता?"

"मी आधी बोललो की तू व्हय म्हणशील," ते म्हणाले. "मला व्हय म्हणणारं माणूस नको. मला अजून दोन डोळे पाहिजेत."

माझ्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या, त्यांच्या चार. दोघांसमोर तीच उपकरणं, तेच चाक. कितीतरी वेळा उड्डाण मी करायची, उतरवायचीही मीच. मग त्या चौथ्या पट्टीत नेमकं असतं काय, याचं मला फार कुतूहल होतं. विमानाच्या सुरक्षिततेबद्दल अंतिम निर्णय कॅप्टनचा, हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केलेलं. पण वाक्य पाठ होणं वेगळं. म्हणून मी आबांना सारखी न्याहाळत असायची.

एकदा नागपूरला मी विमान फार जोरात टेकवलं. ते उसळलं, पुन्हा आपटलं. मागे एक कारखानदार होते, त्यांच्या हातातली फाईल खाली पडून कागद पसरले. दार उघडल्यावर आबा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "लँडिंग खराब झालं. माफ करा." ते गृहस्थ आबांना नको नको ते बोलले. मी मागे उभी, कान तापलेले. ते गेल्यावर मी म्हटलं, "आबा, चाक माझ्या हातात होतं. सांगायचं ना."

"हात तुझे होते," आबा म्हणाले. "विमान माझं होतं."

मग परतीच्या प्रवासात त्यांनी पुन्हा मलाच उतरवायला लावलं. मला वाटलं, चौथी पट्टी समजली. दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची, एवढंच. ते तेवढंच नव्हतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण होता. हृदयाचं तातडीचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं होतं, विमानाची सोय कारखान्याने केली होती. दुपारी अँब्युलन्स थेट विमानापाशी आली. सोबत डॉक्टर आणि थोरला भाऊ. तोवर अवकाळीचं आभाळ पश्चिमेला भरून आलं होतं. रडारच्या चित्रात घाटावर वादळी ढगांचा लाल पट्टा आडवा पसरलेला.

आबांनी विचारलं, "बोल."

मी म्हटलं, "दक्षिणेकडून वळसा घालून जमेल असं वाटतं."

ते बराच वेळ चित्र बघत राहिले. मग डॉक्टरांकडे गेले, रुग्णाला हेलकावे कितपत सोसतील ते विचारून आले. वळशाच्या वाटेवरही नवे ढग उभे राहत होते. शेवटी म्हणाले, "नाय जायचं."

त्यांनी मालकांना फोन केला. मालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांना अवघडल्यासारखं झालं. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "आबा, विमानतळानेच परवानगी दिली नाही असं सांगा त्यांना. विषय मिटेल."

"विमानतळ चालू आहे," आबा म्हणाले. "नाय मी म्हणतोय. मग तसंच सांगतो."

भावापुढे जाऊन ते उभे राहिले. "दादा, विमान ठीक आहे, विमानतळ चालू आहे. पण या आभाळात तुमच्या माणसाला घेऊन मी जाणार नाय. हे मी ठरवलंय. आभाळ मोकळं झालं की लगेच निघू, पण कधी होईल ते सांगता येत नाय."

भाऊ काकुळतीला आला. "साहेब, लई आशेनं आणलंय हो त्याला. काय झालं तर आमची जबाबदारी, लिहून देतो."

"ती तुम्हाला घेता येत नाय," आबा हळू आवाजात म्हणाले.

डॉक्टरांनी थांबण्यापेक्षा रस्त्याने निघायचं ठरवलं. अँब्युलन्स गेली. संध्याकाळी कळलं, की दुसरं एक विमान तसाच वळसा घालून मुंबईला सुखरूप उतरलं. आणि पुढे काही दिवसांनी कळलं, की ऑपरेशन होऊनही तो तरुण वाचला नाही.

आबांनी मला फोन करून सांगितलं, "मी त्यांच्या घरी चाललोय. तू यायलाच पाहिजे असं नाय." मी गेले. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. भावाने बसायला जागा केली, पाणी दिलं. मग विचारलं, "साहेब, त्या दिवशी गेलो असतो तर वाचला असता का?"

माझ्या मनात डॉक्टरांची, ढगांची, कितीतरी उत्तरं तयार होती. आबा म्हणाले, "मला माहीत नाय." आणि ते तिथेच बसून राहिले. आणखी कुणीतरी बोलेल, शिव्या देईल, याची वाट बघितल्यासारखे. निघताना भावाने फक्त हात जोडले.

परतताना गाडीत मी विचारलं, "आबा, आपलं चुकलं का?"

"आपलं नाय, माझं म्हण. तू तर जाऊ म्हणाली होतीस." मग म्हणाले, "जे दिसत होतं त्यावरनं मी नाय म्हणालो. उद्या तसंच दिसलं तर उद्याही म्हणीन. पण तो पोरगा आता माझ्यासंगंच राहणार."

पुढच्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांचे सगळे अहवाल चांगले आले होते. तरी डॉक्टरांना त्यांनी आपण होऊन सांगितलं, की जिना चढताना छातीत भरून येतं. मग पुढच्या तपासण्या झाल्या आणि आबांचं उडणं थांबलं. मला राहवलं नाही. "कुणी विचारलं नव्हतं, तर कशाला बोललात?"

"मागं बसलेल्याला विचारता येत नाय ना," ते म्हणाले. "म्हणून आपण सांगायचं."

मला चौथी पट्टी मिळाल्यावर मी पेढे घेऊन करमाडला गेले. आबा शेतात ठिबकच्या नळ्या साफ करत बसले होते. तेवढ्यात पूर्वेकडून एक विमान चाकं खाली सोडून चिकलठाण्याला उतरायला चाललेलं दिसलं. वारा आडवा होता, विमान जरा डुलत होतं. मी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. आबांनी मान वर केली नाही.

"आबा, बघावंसंही वाटत नाही?"

त्यांनी नळीत फुंकर मारली, बोटाने भोक तपासलं. "वाटतं की," ते म्हणाले. "पण त्याला त्याचा कॅप्टन आहे."