सीटची उंची

लेकीच्या सायकलला सीटचा नवा दांडा घ्यायला वडलांसोबत, अप्पांसोबत, मिरजगावच्या सायकलच्या दुकानात गेले. जुना बारीक होता, सीट खाली सरकायचं. ग्रीसचा वास आला आणि माझी आठवीतली सकाळ आठवली.

"अप्पा, सीट डुगडुगतंय, आवळून द्या," असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. सकाळी बघते तर सीट घट्ट, पण दांडा पार वर काढलेला. माझे पाय पायडलला पुरेनात. पाना पुसत अप्पा म्हणाले, "आता तुजा दादा नेईल सायकल कामावर. तुजं लई झालं शिकून."

आवळून द्या म्हणणारी मीच होते.

आज दुकानदारानं लेकीच्या मापानं दांडा बसवला आणि आवळायला पाना माझ्या हाती दिला. "आन हिकडं, मी आवळतो," म्हणत अप्पांनी हात पुढं केला.

पाना मी दिला नाही.