पाच वीत जागा

अक्का त्या खड्ड्यात जाऊन बसली की तिला उठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. खड्डा म्हणजे गाडीचा मागचा भाग. ना सीट, ना तळ. चासीच्या दोन लोखंडी दांड्या आणि त्यांवर आडवी टाकलेली फळी. त्या फळीवर अक्का मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. वर्कशॉपच्या पत्र्यात एक काच बसवलेली होती, तिच्यातून उन्हाचा चौकोन खाली यायचा आणि सावकाश तिच्या कपाळावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर सरकत राहायचा.

"अक्का, उतर. माप घ्यायचंय."

"घे की. मी काय आडवी आलेय?"

"आडवी नाही, उभी आलीयस. तुझ्यासकट माप घेतलं तर पेट्रोलच्या टाकीत तूच जाशील."

हा तिचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला ठिणगी म्हणत. वेल्डिंग तो मोठा झाल्यावर शिकला. नाव त्याआधीचं, स्वभावावरून पडलेलं. अक्का गाड्यांच्या सीटा शिवायची. दोन गल्ल्या पलीकडे तिचं दुकान होतं. तीस वर्षं लोकांच्या पाठी-कमरेची काळजी वाहिली, स्वतः मात्र ग्राहकांच्या गाड्या पुसून किल्ली परत देण्यापुरतीच त्यांत बसली.

गाडी बाबांची. पुढे दोघांपुरती जागा, आणि मागची डिकी उघडली की तिचंच झाकण पाठ टेकायला व्हायचं. बाबा-आई पुढे, ही दोघं मागे, एका पांघरुणात. पुढच्यांना रस्ता दिसायचा. मागच्यांना फक्त वर जे असेल ते. अक्काला ती गाडी धावते असं कधी वाटलंच नाही; गाडी जागच्या जागी उभी आहे आणि झाडांचे शेंडे, तारा, पक्षी, ढग आपल्याला भेटायला येऊन पुढे निघून जातायत, असं वाटायचं. अर्ध्या वाटेत झोप लागायची. तशी झोप तिला पुन्हा कुठल्याही गादीवर लागली नाही, आणि गाद्यांमधलं तिला कळत होतं.

बाबा गेल्यावर गाडी पंधरा वर्षं शेडमध्ये पडून होती. ठिणगीने ती बाहेर काढली, टप कापून बुटका केला, मागे रुंद चाकं लावली आणि मोडीत निघालेल्या एका दांडग्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आणून पुढे बसवलं. ते बघून आई म्हणाली होती, "म्हातारीला पैलवानाचं काळीज लावलंस रे. सोसेल ना तिला?"

सोसणार होतं. अडलं होतं ते टाकीवर.

"जुनी टाकी आहे तिथेच राहू दे," अक्का म्हणाली. जुनी टाकी पुढच्या काचेखाली होती, बसणाऱ्याच्या बरोबर गुडघ्यांवर.

"एवढ्या इंजिनाच्या मागे मांडीवर पेट्रोल घेऊन मी बसू? मला अजून लग्न करायचंय."

"पन्नाशी आली."

"म्हणूनच घाई आहे."

"मग पुढच्या सीटखाली टाक."

"तिथून सायलेन्सरचा पाइप जातो. भजी तळायची आहेत का माझी?" ठिणगी वाकला आणि फळीच्या मागच्या भागावर थाप मारली. "ही जागा. मागच्या चाकांच्या मधोमध, दोन्ही दांड्यांच्या कुशीत. बाजूने धक्का लागला तर चाकं मार खातील, मागून लागला तर हा दोन फूट पत्रा. याहून शहाणी जागा या गाडीत नाही."

"इथे माणसं बसतात."

"बसायची."

दारात स्टुलावर आई लोकर विणत होती. तिने सुया थांबवल्या.

ठिणगीचा आवाज जरा उतरला. "हे बघ अक्का. टाकी बसवली की तिच्यापुढे पाच वीत जागा उरते." त्याने हाताची बोटं ताणून फळीवर मोजून दाखवली, एक, दोन, तीन, चार, पाच. "पाय सोडून, पाठ टेकून बसायचं तर सीटच पाच वीत जाते. आणि तिची पाठ पेट्रोलला चिकटवून मी तुला बसवणार नाही. मध्ये पोलादी पत्रा हवा, वीतभर मोकळी हवा हवी. ती सहावी वीत आणायची कुठून?"

"पाच म्हणजे पाच ना?"

"पाच म्हणजे पाच."

अक्का उतरली, साडीवरची धूळ झटकली आणि निघून गेली.

त्या घरात वीत हे माप बाबांनी आणलेलं. त्यांची टेप रोज हरवायची. "टेप हरवते, हात हरवत नाही," म्हणायचे. पडदा तीन वीत, फळी चार वीत, पोरगी वाढली दोन वीत. पुढे दोघंही धंद्यात पडली, ग्राहकाच्या कामाला टेप आली. पण घरचं काम असलं की टेपला हात लावणं म्हणजे घरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं.

दुकानात जाऊन अक्काने सांगाडा कापला. पाच वीत. सगळ्याच्या सगळ्या. सहावीचं काय करायचं ते ठिणगीने बघावं, टाकी चपटी करावी, मागे ढकलावी, डोक्यावर घेऊन फिरावी. स्प्रिंगा ताणताना, पट्ट्या विणताना, फोमच्या कडा गोल करताना तिच्या डोळ्यांपुढून झाडांचे शेंडे चालले होते. एकदा तर हातात सुई तशीच धरून ती इतका वेळ बसून राहिली, की दोरा मागायला आलेला शेजारचा शिंपी दोरा न मागताच परत गेला.

आठ दिवसांनी हातगाडीवर सीट आली. टाकी जागेवर बसली होती, रबरी पट्ट्यांवर, वर करड्या रंगाचा हात मारलेली. अक्काने मनात भांडणाची पाच वाक्यं पाठ करून ठेवली होती. दोघांनी सीट उचलून आत सोडली.

सीट बसली. आणि तिच्या पाठीमागे, टाकीच्या अलीकडे, रिकामी जागा राहिली.

ठिणगीने तिथे हात घातला. मग दुसरा घातला. "किती केलीस?"

"पाच वीत."

"पाच नाहीये ही."

"पाचच आहे. मी काय आज मोजायला शिकले? हे बघ." अक्काने बोटं ताणून सीटवर पुढून मागे हात चालवला. एक, दोन, तीन, चार, पाच.

ठिणगीने तिच्याशेजारी आपला हात पसरला. त्याचा अंगठा तिच्या अंगठ्याला लावून ठेवला, तर त्याची करंगळी तिच्या करंगळीच्या अडीच बोटं पुढे गेली. दोघंही त्या हातांकडे बघत राहिली.

"पन्नास वर्षांत हे कळलं नाही तुम्हाला," आई दारातून म्हणाली. "माझे सगळे पडदे मेले आखूड का होतात ते आज कळलं. शिवायची ही, मोजून सांगायचा तू."

ठिणगीने शेवटी टेप आणली. पाच वेळा अडीच बोटं. वीतभर पोकळी पुरेपूर निघाली. तो सीटच्या काठावर बसून बघायला गेला, तर त्याचे गुडघे छातीला लागले.

"हिच्यात मी मावत नाही."

"माझ्या हाताने मापलीय," अक्का म्हणाली. "तू पुढे बस. चालवायची कुणी?"

त्याने दोन दिवसांत मध्ये पोलादी भिंत उभी केली, कडा सलग जोडल्या, टाकीचं झाकण बॉडीच्या बाहेर काढलं, हवेची नळी बाहेर खाली सोडली. टाकीत आधी पाणी भरून रात्रभर ठेवलं. एक थेंब गळला नाही. पाणी काढून, टाकी सुकवून पेट्रोल भरलं आणि मग त्याने अट घातली.

"आता तू आत बसायचं. डिकी निम्मी लावून घेतो. अर्धा तास. एवढासा जरी वास आला तर सीट काढणार. मग रडायचं नाही, भांडायचं नाही."

"आणि नाही आला तर?"

"तर राहिली."

अक्का आत चढली. पाय सोडले, पाठ टेकली. ठिणगीने झाकण अर्धवट ओढलं, घड्याळ बघितलं आणि आईशेजारी जमिनीवर बसला. नव्या रेक्झिनचा वास येत होता. त्याच्या खाली फोमचा. त्याच्याही खाली काही आहे का, म्हणून अक्का मन लावून हुंगत राहिली. वरच्या काचेतून उन्हाचा चौकोन सरकत येत होता.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"अक्का, येतोय का वास?"

उत्तर नाही.

"अक्का, खरं सांग हां. सीटपायी खोटं बोलू नकोस."

उत्तर नाही. ठिणगी धावला, झाकण उचललं आणि तसाच वाकून उभा राहिला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"झोपलीय."

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवत जवळ आली. लेकीचं तोंड जरासं उघडं होतं, एक हात सीटवरून खाली लोंबत होता. आईने नाक आत घालून दोनदा श्वास घेतला, एकदा अलीकडून, एकदा भिंतीच्या बाजूने.

"काही नाही," ती म्हणाली. "नवी सीट, आणि हिच्या डोक्याचं तेल."

"मग उठवू? इंजिन सुरू करून बघायचंय मला."

"हात तर लावून बघ. तू आपला तिकडे बस गुपचूप."