नामाचं विमान आणि काळुरामची भेंडी

नामा तांडेलकडे पाहून हा माणूस विमानं उडवत असेल असं कुणालाही वाटलं नसतं. बुटका, रुंद, आणि पायाखालची जमीन कोणत्याही क्षणी डुलेल अशा तयारीने पाय फाकून चालणारा. ठाण्याजवळच्या बाळकुमच्या कोळ्यांचा हा मुलगा. वडील होड्या बांधायचे. पुढे खाडीचं पाणी कारखान्यांनी काळं केलं, मासळी गेली, मासळीमागून होड्या गेल्या, आणि नामा अशाच एका कारखान्यात वागळे इस्टेटला लेथवर उभा राहिला. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचो. नवं मशीन आलं की सगळे मशीन बघायला जमायचे. नामा मात्र खोक्यात आलेल्या थर्माकोलची चौकशी करायचा. त्या थर्माकोलची पुढच्या आठवड्यात विमानं व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीत शेडच्या पत्र्यावर जाऊन बसायची.

ही झाली हाताने फेकायची विमानं. इंजिनवाली, रेडिओच्या रिमोटवर उडणारी विमानं त्याने पहिल्यांदा पाहिली ती कल्याणच्या बाहेर एका माळावर. ऐंशी सालानंतरची गोष्ट. तिथे दर रविवारी काही हौशी मंडळी जमायची. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा, परदेशी इंजिनं, असा एकूण थाट. विमान वर असेपर्यंत सगळे वैमानिक असत. ते बाजूच्या दलदलीत किंवा बाभळीत पडलं की सगळ्यांना आपापले पांढरे बूट आठवत. मग नामा पँट वर करायचा आणि चिखलात शिरायचा. चिखल त्याला घरच्यासारखा. मोडलेलं विमान तो तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन यायचा, आणि त्याच्या बदल्यात चार मिनिटं रिमोट हातात मागायचा. आपण विमान पाडलं आहे हे ताजं असताना कुणाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्यांची पडलेली विमानं उचलता उचलता नामा विमान उडवायला असा शिकला. आणि हात इतका हलका की खुर्चीवाले पुढे पुढे म्हणायला लागले, उतरवताना जरा तांडेलला द्या.

मग त्या माळावर प्लॉट पडले, खुर्च्या घडी होऊन घरी गेल्या, आणि नामाचं उडणं बंद झालं.

स्वतःचं विमान आलं ते त्र्याण्णव साली. नामाची बायको मंजुळा. तिचा भाऊ चांगदेव मालवाहू बोटीवर खलाशी. दर खेपेला तो मेहुण्याला काय आणू विचारायचा. लोक अशा वेळी सेंट सांगतात, टेपरेकॉर्डर सांगतात. नामाने विमान सांगितलं, आणि दुकानात असेल ते सगळ्यात स्वस्त आण, असंही सांगितलं. चांगदेवने दुसरी सूचना फार मनावर घेतली. पण विमान आणलं, रिमोटसकट आणलं.

खोक्यावरच्या चित्रात विमान ढगांतून चाललं होतं. खोक्यात ते तुकड्यांनी होतं. पंख तयार, वर लाल-पांढरा कागद चढवलेला. अंगही तयार. पण पंख अंगाला जोडणं, इंजिन बसवणं, शेपटी चिकटवणं, ती हलवायच्या छोट्या मोटरी आणि तारा लावणं, हे सगळं घेणाऱ्याने करायचं. लग्न ठरलंय, हॉल घेतलाय, फक्त मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडायची आहेत, अशातला प्रकार.

नामाच्या आईने, मनुबाईने, ते सगळं सतरंजीवर मांडलेलं पाहिलं. ठाण्याच्या बाजारात उभं आयुष्य मासळी विकलेली बाई. माल पारखल्याशिवाय बोलायची नाही. तिने पंख उचलून वजन केलं, अंग वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "अर्धा त्यांनी केलाय नि अर्धा तू करायचा? मंग चांगद्यानं पैसं पन अर्धंच दिलं का?"

नामाने महिनाभर संध्याकाळी बसून तो अर्धा भाग पुरा केला. जोडकामात त्याच्याकडून केसाइतकी चूक होत नव्हती. होड्यांची फट बुजवणाऱ्याच्या घरातला हात तो. पण जोडलेलं विमान म्हणजे नुसती शोभा. ते उडवायला रुंद, सपाट, माणसं नसलेली जागा लागते, आणि ठाण्याच्या आसपास अशी जागा दिसली की तिच्यावर आधी बिल्डरची नजर पडायची. नामाने पंधरा-वीस ठिकाणी विचारून पाहिलं. कुठे क्रिकेटवाले, कुठे गुरं, कुठे वॉचमन. शेवटी मी त्याला काळुराम मढवीचं नाव सुचवलं.

मी राहायचो कोपरला. काळुराम तिथला जुना आगरी, खाडीला लागून त्याची जमीन. बांध फुटून खारं पाणी शिरल्यापासून खाडीकडच्या पट्टीत भात होत नव्हतं. ती पट्टी लांबलचक, सपाट आणि उन्हाळ्यात फरशीसारखी कडक; एका टोकाला त्याच्या म्हशी बांधलेल्या. तिच्या मागे गोड्या पाण्याची विहीर आणि भाजीची वाडी. वाडीत भेंडी. त्या भेंडीवर काळुरामचा असा जीव होता की गिऱ्हाइकाने भेंडीचं टोक मोडून पाहिलं तर तो भाजी परत काढून घ्यायचा. मी सांगतो ते अनुभवाने.

त्याने विमानाची हकिगत ऐकून घेतली, पट्टीकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं आणि 'ड'चा 'र' करणाऱ्या आपल्या आगरी बोलीत अट घातली. "उरव तू. पन इमान माजे वारीत परला, त उद्यापास्ना इकरं यायचा नाय." विमान वाडीत पडलं की जागा बंद. नामाने वाडीच्या कुंपणाला हात लावून कबूल केलं. ही जागा गेली तर दुसरी नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं, काळुरामला सगळ्यात जास्त.

रविवारी सकाळी स्कूटरवर नामा पुढे, पायाशी विमानाचं अंग, मागे मंजुळा, आणि तिच्या हातात माणसाएवढा पंख. मुंब्र्यापर्यंत ठीक होतं. शीळफाट्याला एक ट्रक शेजारून गेला, पंखात वारा भरला आणि मंजुळा सीटवरून उचलली गेली. थोडीच, पण गेली. या विमानाचं पहिलं उड्डाण मंजुळाने केलं असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. फाट्यावरच्या हवालदाराने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा नामा विमान म्हणाला. हवालदाराने मंजुळाकडे सहानुभूतीने पाहिलं आणि स्कूटर सोडून दिली.

पट्टीवर काळुराम काठी घेऊन कुंपणापाशी आधीच उभा होता. नामाने इंजिन चालू केलं. त्या इंधनात एरंडेल असतं, त्यामुळे लहानपणी ते नाक दाबून प्यायलेल्या सगळ्या रविवारांचा वास सुटला. विमान पळालं, उचललं गेलं, आणि उचलत राहिलं. नाक वर, आणखी वर, आणि मग लाटेवर चढलेल्या होडीसारखं ते क्षणभर उभं राहिलं. होडीला पुढे लाटेची दुसरी बाजू असते. इथे काहीच नव्हतं. ते एका कुशीवर कललं आणि नाकावर येऊन पडलं, वाडीच्या अगदी जवळ.

काळुराम तिकडे गेला. काठीने पडलेलं विमान आणि कुंपण यांमधलं अंतर मोजलं. पुन्हा उलट बाजूने मोजलं. मग क्रिकेटच्या पंचासारखा गंभीर चेहरा करून त्याने निकाल दिला. "भाईर परला. यक डाव अजून." पण भेंडीचं मरण काठीएवढ्याच अंतराने हुकलं होतं, आणि त्यानंतर तो थेट विमानाशीच बोलायला लागला, पण प्रेमाने नव्हे.

चूक नामाला घरी पोचेपर्यंत कळली. ती चूक फक्त तोच करू शकला असता. वडिलांनी त्याला शिकवलं होतं, होडीचं वजन मागे ठेवायचं, पुढचं तोंड, म्हणजे नाळ, जरा वर राहिली पाहिजे. तसं नसेल तर होडी पाण्यात तोंड खुपसते. विमान जोडताना हाताने आपोआप तेच केलं. जड बॅटरी शेपटाकडे सरकवली. खुर्चीवाल्यांची विमानं त्याने उडवली होती, पण ती दुसऱ्यांनी तोलून ठेवलेली. दोन बोटं पंखाखाली धरून त्याने आपलं विमान उचललं, आणि ते शेपटावर बसलं.

मला तो सोमवारी म्हणाला, "होडी पाण्याला टेकून असते हो. हे कोनाला टेकनार?"

मोडलेलं नाक त्याने होडीला लावतात त्या रेझिनने आणि फायबरच्या पट्टीने असं सांधलं की मूळ नाकापेक्षा ते भक्कम झालं. बॅटरी पुढे आणली. तरी तोल येईना. नाकात घालायला लहान जागेत मावेल असं जड काहीतरी हवं होतं. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, जाळं तळाला बसावं म्हणून. वडिलांचं जाळं माळ्यावर गुंडाळलेलं होतं, वडील गेल्यापासून ते कुणी सोडलं नव्हतं. नामा माळ्याकडे पाहायचा आणि पुन्हा बॅटरी सरकवायला बसायचा. दोन दिवस मनुबाईने हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनेच जाळं खाली ओढलं, विळीवर बसली आणि कोलंबी सोलावी तशा गोळ्या कापून काढल्या. वर म्हणाली, "तुजा बाप आस्ता त त्यानं पयलं इमान पान्यात लोटून बघितला आस्ता." मग पदराने नाक पुसलं आणि एरंडेलाच्या वासाला शिव्या दिल्या. विमानाच्या नाकात शिसं बसलं. दोन बोटांवर विमान तराजूच्या दांडीसारखं आडवं राहिलं.

पुढच्या रविवारी भरती होती. खाडी काठोकाठ, तिवरांची झुडपं निम्मी पाण्यात. नामाने आधी पाण्यावरच्या सुरकुत्या पाहिल्या. कोळ्याला वारा पाण्यात दिसतो. वारा खाडीकडून वाडीकडे होता. काळुराम कुंपणाच्या बाहेर नाही, आत उभा होता, भेंडीच्या पुढे, बायकापोरांच्या पुढे उभं राहावं तसा.

विमान पळालं आणि या वेळी सरळ उचललं. बांधावरून गेलं, खाडीवर वळलं, उन्हात लाल पंख एकदा चमकला. नामाने ते गोल फिरवलं, खाली आणलं, आमच्या डोक्यावरून नेलं, पुन्हा चढवलं. हातात रिमोट धरलेला हा बुटका माणूस पाय फाकून उभा होता, आणि ज्या डुलण्याच्या तयारीने तो जन्मभर चालला ते डुलणं त्याला शेवटी मिळालं होतं. खांदा किंचित झुकला की वर विमान झुकायचं. मंजुळाने तोंडाला पदर लावला होता. काळुरामची काठी कधी खाली पडली ते त्याला कळलं नाही. तो मान वर करून फिरत होता, आणि फिरता फिरता भेंडीचं एक रोप त्याने स्वतःच तुडवलं.

उतरवायला हवं हे नामाला कळत होतं. टाकी लहान होती. पण इतकी वर्षं दुसऱ्याकडे चार मिनिटं मागणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच रिमोट कुणाला परत द्यायचा नाही म्हटल्यावर किती उडवावं? वाडीच्या पलीकडे, खाडीच्या वळणाशी, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

आता विमान नुसतं घसरत होतं. पट्टी गाठायची तर वाडीवरून, समोरच्या वाऱ्यात यायला हवं. पोचलं तर पोचलं, नाही तर भेंडीत. दुसरी बाजू खाडीची, तिकडे पाणी. रिमोटवरची दोन्ही बोटं थांबली.

"आना ना वाडीवरून," मंजुळा हळूच म्हणाली. "पोचतंय."

"नाय पोचला तर?"

"थोडंच हाय."

"शब्द दिलाय," नामा म्हणाला, आणि विमान खाडीकडे वळवलं.

त्याने ते पाडलं नाही, उतरवलं. शेवटच्या क्षणी नाक जरासं वर घेतलं, होडीसारखं, आणि विमान पोटावर पाण्याला टेकलं, थोडं घसरलं, थांबलं. मग एक पंख हळूच पाण्यात गेला. नामाने रिमोट मंजुळाच्या हातात दिला आणि कपड्यांनिशी बांधावरून उडी मारली. माझ्या शेजारून आणखी कुणीतरी धावत गेलं. तो काळुराम होता, छातीइतक्या पाण्यात, लुंगी डोक्याला गुंडाळून, विमानाचा दुसरा पंख धरायला.

दोघांनी ते वर आणलं, नामा डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला. आत सगळीकडे खारं पाणी. इंजिन, बॅटरी, मोटरी, रिमोटचं ऐकणारा तो छोटा डबा, सगळं. मला वाटलं संपलं. पण नामाच्या घरी होडीचं इंजिन खाऱ्यात बुडालं की रडत बसत नसत, गोड्या पाण्याने धुवून काढत, मीठ वाळायच्या आत. त्याने काळुरामला विहीर विचारली. काळुराम म्हणाला, विचारतोस काय.

म्हणून त्या दुपारी एक कोळी आणि एक आगरी विहिरीच्या काठावर विमान सुटं करून बसले होते. नामा एकेक भाग पुढे करायचा, काळुराम बादलीने पाणी घालायचा, तेही भेंडीला घालतो तसं, मुळाशी, हलक्या हाताने. पंखाचा कागद निघाला होता, आतल्या पांढऱ्या लाकडाच्या फासळ्या दिसत होत्या. काळुरामने त्या बोटाने दाबून पाहिल्या.

"सुकंल कवा?"

"चार-पाच दिस. सुकंल. उडंल का, ते नाय सांगत."

"उरंल," काळुराम म्हणाला. "फुरचे आयतवारी म्हशी त्या अंगाला बांदतंय मी. नि तिकरून वारा आसंल त वारीवरून आन. दोन भेंड्या गेल्या त गेल्या."

 नामाने मान खाली घालून इंजिन पुढे केलं. काळुरामने बादली ओढून काढली, इंजिनाकडे पाहिलं, नामाकडे पाहिलं, आणि सगळी बादली नामाच्या डोक्यावर रिकामी केली, कारण चिखल खरा तिथेच होता.