शरयूताईंची परवानगी

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलच्या दारात झाली. माझी मुलगी सई त्यांच्या बालयोगवर्गात होती. तिला सोडायला गेलो आणि दारातूनच सांगू लागलो, "सई, गुडघा सरळ." ताई उठून आल्या. "अहो सईचे बाबा, आत या किंवा बाहेर जा. दारात उभं राहून मुलं वाढवता येत नाहीत." मी बाहेर गेलो. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या मृदू स्वभावाविषयी अनेकांनी लिहिले असेल. माझ्या वाट्याला तो कधी आला ते मला आठवत नाही.

मी मूळचा वर्ध्याचा. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कोणी न वाचणाऱ्या माहितीपुस्तिका लिहू लागलो. काही वर्षांनी ते नकोसे झाले. ताई लहान मुलांसाठी योगशिक्षक तयार करतात हे माहीत होते. मी नोकरी सोडली. माझी पत्नी वैशाली बँकेत होती. तिने एकच अट घातली: जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मला स्वतःचा वर्ग मिळाला नाही, तर पुन्हा हडपसर. वर्ग ताईंच्या परवानगीशिवाय मिळत नसे, आणि परवानगी कशाने मिळते हे ताई सांगत नसत.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्यांनी मला कोपऱ्यात बसवले. बोलायचे नाही, मुलांना हात लावायचा नाही, आसन करून दाखवायचे नाही.

"मग करू काय?"

"बसा. तेही अजून जमत नाहीये."

याच दिवसांत त्यांनी वैशालीला फोन केला होता, हे मला पुढे कळले. "इथे मी त्यांना बोलू देत नाही. घरी बोलू द्या. ऐकलं नाहीत तरी चालेल." ताईंची आपुलकी ही अशी. ती आपल्यापर्यंत पोचेस्तोवर आपण चिडून बसलेलो असतो.

संक्रांतीनंतर ताईंसमोर परीक्षेचे पाठ घ्यायचे होते. पहिल्या पाठात मी मुलांना सरळ रांगांत उभे केले. वृक्षासनात हॉल निःशब्द झाला. ताई म्हणाल्या, "छान. कवायत झाली." परवानगी नाही. दुसऱ्या पाठात मी गोष्ट रचली. मुले बेडूक झाली, साप झाली, हसून लोळली. "छान. वाढदिवस झाला." परवानगी नाही. मे महिना लागला होता. मी वैतागून विचारले, "चुकतंय काय, ते एकदा सांगाल का?"

"अहो राऊत, दोन्ही वेळा तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

"परीक्षा तुम्ही घेत होतात!"

"वर्ग मुलांचा होता."

तिसऱ्या पाठाला ताई आल्याच नाहीत. मुले जमली होती, वेळ टळून गेली होती. शेवटी मी वर्ग घेतला. मुले चपला घालत असताना ताई कैऱ्यांच्या पिशव्या घेऊन आल्या.

"ताई, आज माझा पाठ होता."

"उशिरा गेलं की मंडईत चांगल्या कैऱ्या राहत नाहीत."

"आणि माझ्या परवानगीचं काय?"

"मी नव्हते, मी कसं सांगणार? काय झालं ते तुम्ही सांगा."

मी रागातच सांगितले. अर्णव कंटाळून खिडकीपाशी जाऊन बसला. त्याला बसू दिले, तो आपणहून परत आला. जान्हवीला एका पायावर उभे राहायची भीती वाटते, म्हणून सगळ्यांनाच भिंतीशी नेले. शवासनात ती डोळे मिटत नसे, आज मिटले. ताई एकेक कैरी दाबून बघत होत्या.

"आणि तुम्ही शिकवलंत कसं?"

"ते नाही लक्षात."

"सोमवारपासून वारज्याचा वर्ग घ्या. आणि ही पिशवी धरा. लिफ्ट बंद आहे."

ती गैरहजेरी मुद्दाम होती का, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे. कैऱ्यांसाठी गेले होते, असेच उत्तर मिळते. मला ते पटत नाही.

शहर बदलले, पालक बदलले, ताई बदलल्या नाहीत. आयटीतल्या एका वडिलांनी मुलीच्या प्रगतीचा दरमहा आलेख मागितला. ताई म्हणाल्या, "मुलगी आहे, शेअर नाही." वडिलांनी मुलीला काढून घेतले. वर्गाच्या दृष्टीने हे परवडणारे नव्हते आणि ते ताईंना सांगायला मीच गेलो होतो. मला चहा मिळाला.

मागे मला टायफॉइड झाला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ताई बसने वारज्याला जाऊन माझा वर्ग घेत राहिल्या. बरा झाल्यावर आभार मानायला गेलो. म्हणाल्या, "मुलांना तुमची आठवण आली नाही. वर्ग कुणावाचून अडू नये. बरं शिकवलंयत." त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी.

ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. वर्ग कुणावाचून अडू नये, हे एरवी मला मान्य आहे. त्यांच्या बाबतीत मान्य नाही. आमचे त्यांच्यावाचून अडते, आणि हे तोंडावर सांगितले तर त्या आम्हाला कोपऱ्यात बसवतील. म्हणून इथे लिहितो. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे. हे मागताना आम्ही त्यांची परवानगी घेतलेली नाही.