फ्लॉपीवर मोकळी झालेली जागा

मुलुंडच्या एका लहानशा रुग्णालयाच्या रक्तपेढीत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पेढीत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो एकट्या मला चालवता येतो, याचा मला भारी रुबाब होता. रक्तदात्यांची कार्डं महिनाभर बसून मी टाइप केली. वस्तीवार यादी लावली: आधी मुलुंड, मग कांजूर, मग भांडुप, नाहूर. सगळी मिळून एका फ्लॉपीवर कशीबशी मावली. कार्डं रद्दीत गेली.

एका दुपारी आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "फक्त मुलुंडवाल्यांची यादी दे गं." मी बाकीची नावं उडवली आणि वेगळं नाव द्यायचं सोडून जुन्याच नावाने फाइल सेव्ह केली. फ्लॉपीवर एकदम बरीच जागा मोकळी दिसली. मला आनंदच झाला. त्या जागेत मी रुग्णालयाच्या खिडक्यांच्या पडद्यांसाठी कापड मागवायचं एक पत्रही टाइप करून ठेवलं.

तासाभराने भांडुपची यादी काढायला गेले, तर भांडुप नाहीच. कांजूर नाही, नाहूर नाही. डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मशीनवाल्यांना फोन कर."

दुसऱ्या दिवशी अंधेरीहून इंजिनिअर आला. माझं आडनाव ऐकून तो मालवणीवरच आला. "ह्याच्यार मागसून काय काय लिवलंस?"

"एक पत्र."

"आणि?"

"काहीच नाही."

"मग वाचलंस!" त्याने फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर काळी पट्टी चिकटवली, म्हणजे आता तिच्यावर कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं. मग तो समजावू लागला. फाइल लहान झाली की मशीन जुना मजकूर पुसत बसत नाही. फ्लॉपीचे छोटे छोटे तुकडे असतात. कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, याचा एक तक्ता असतो. फाइलला नको झालेल्या तुकड्यांपुढे तिथे 'रिकामा' अशी खूण होते, एवढंच. आतली अक्षरं जागच्या जागी राहतात, दुसरी फाइल तिथे येऊन बसेपर्यंत.

मी ज्या मोकळ्या जागेवर खूश झाले होते, तिथे शेकडो माणसं तशीच होती.

त्याने एकेक तुकडा पडद्यावर आणला आणि दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवला. अर्धी आडनावं, तुटलेले पत्ते जोडत आम्ही दिवसभर बसलो. मुलुंडची नवी यादी तिच्या जुन्या जागीच बसली होती, तिथे काही बिघडलं नव्हतं. पण तिच्या पुढेच पडद्यांचं पत्र होतं. 'हिरव्या रंगाचे जाड कापड' या शब्दांखाली कांजूर गावातली सगळीच्या सगळी बारा माणसं कायमची गेली होती. ती काही इंजिनिअरला आणता येईनात.

त्यातली एक मला आठवत होती. मासळी विकणारी कोळीण, रक्तगट ओ निगेटिव्ह. तो दुर्मिळ, म्हणून लक्षात राहिली. रविवारी मी कांजूरच्या बाजारात तिला शोधून काढलं आणि खरं काय ते सांगितलं. ती सुरमई कापता कापता थांबली.

"माझ्यासकट बाराजण ना? अगो, बाकीच्यांना रक्तदानाच्या शिबिराला मीच तर नेलेलं!"

पाटी शेजारणीच्या हवाली करून ती माझ्याबरोबर निघाली. दारोदार हाका मारत, "ये रे बाहेर, हिने तुला हरवलाय!" असं सांगत तिने मला अख्खं गाव फिरवलं. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. तिला धरून अकराजण सापडले. एक गाव सोडून गेला होता, त्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

शेवटच्या घरी जाळं विणत बसलेले एक आजोबा होते. नाव सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, माझं रक्त कुणाला लागलं का गो?"

आमच्या यादीत ते कधी नव्हतंच. कुणी कधी दिलं एवढंच मी टाइप केलं होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंकडून रक्त कुणाला चढवलं त्याचं जुनं रजिस्टर मागून घेतलं; त्यात दात्यांचे पत्ते नव्हते, नुसती नावं होती. आजोबांचं रक्त एका बाळंतिणीला चढवलं होतं. आई आणि बाळ, दोघंही सुखरूप घरी गेली होती. मी एक पोस्टकार्ड आणलं आणि तेवढंच लिहून आजोबांना पाठवलं.