गालिच्याचा जळका धागा

गल्लीत कोणी कचरा पेटवला की जळक्या प्लास्टिकचा वास घरात शिरतो, आणि मी मनानं धाड गावातल्या आमच्या अंगणात जाऊन पोचतो.

आई जाऊन वर्ष झालं होतं. दसऱ्याच्या साफसफाईत बाबांनी आपला जुना इराणी गालिचा उन्हात उलगडला. त्यात ठेवलेला कडुलिंबाचा वाळका पाला खाली सांडला. त्या गालिच्यावर आजवर कोणी पाय ठेवला नव्हता. मी तेव्हा नागपुरात गालिच्यांच्या दुकानात नुकताच कामाला लागलो होतो.

"पाह्य बरं, किती जुना हाय," बाबा कौतुकानं म्हणाले.

मीही ऐटीत कडेचा एक धागा तोडून त्याला काडी लावली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, राख होते. हा धागा जळक्या प्लास्टिकचा वास सोडत वितळला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला.

"नकली आहे, बाबा."

त्यांनी तो मणी उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाले, "तुही माय कितीक वेळा म्हणे, जरासक बसू द्या. मी नाही बसू देल्लं तिले."

लोकरच आहे, एवढंच म्हणायला हवं होतं मी. बाबांना त्या वासातलं काय कळणार होतं?